परक्या प्रथिनाशीं पहिली भेट
(नभोवाणीवरील भाषण)



२०२१ सालच्या पावसाळ्यांतील गोष्ट. कोरोनाच्या लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन झालेले पुष्कळ लोक त्या दिवसांत, हौसेनें म्हणा कीं धास्तीनें म्हणा, रक्त तपासून घेत होते. तपासणीच्या कागदावर एक आंकडा छापून येई, आणि परीक्षेंतील गुण ताडून पाहावेत तसे ते आंकडे घराघरांतून ताडून पाहिले जात. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतों. एके सकाळीं ते दोन कागद हातांत घेऊन माझ्याकडे आले. एक त्यांचा स्वतःचा होता, दुसरा त्यांच्या सुनेचा. नानांचा आंकडा दोनशेंच्या आंत, सूनबाईंचा दीड हजारांच्या वर. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "लस दोघांनीं एकाच दिवशीं, एकाच केंद्रावर घेतली. मग माझ्या अंगीं ती लागलीच नाहीं असें समजायचें काय? आठ दिवसांवर नातीचें लग्न आलें आहे. पन्नास माणसें येणार. मीं जावें कीं घरींच बसावें, एवढें सांगा."

मीं कागद पाहिले. ते दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांचे होते आणि आंकड्यांपुढें छापलेलीं एककेंही निराळीं होतीं. एकीचें दूध शेरानें मोजलें आणि दुसरीचें लिटरानें, तर कोणती गाय अधिक दूध देते हें नुसत्या आंकड्यांवरून कसें ठरावें? हें मीं नानांना सांगितलें तेव्हां त्यांचा चेहरा जरा उजळला. परंतु त्यांच्या प्रश्नाचें खरें उत्तर आपण दिलेलें नाहीं, ही टोंचणी माझ्या मनाला लागून राहिली. मनुष्याची प्रतिकारशक्ति मोजतां येते काय, आणि येत असेल तर आपण नेमकें काय मोजतों, हा तो प्रश्न. आज त्याचाच थोडा विचार आपणांपुढें मांडावयाचा आहे.

रक्तांतील साखर मोजणें सोपें आहे. ती रक्तांत असतेच, फक्त तिचें प्रमाण पाहावयाचें. प्रतिकारशक्तीचें तसें नाहीं. दारावरचा पहारेकरी जागा आहे कीं पेंगत आहे, हें कोणी दार ठोठावल्यावांचून समजत नाहीं. पूर्वीं हें दार रोग स्वतःच ठोठावीत असे. १८९७ सालीं हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली आणि पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा केली, त्या वेळीं लस टोचलेल्यांपैकीं किती आजारी पडले आणि न टोचलेल्यांपैकीं किती, हा हिशेब हीच एक मोजपट्टी हातीं होती. हिशेब खरा, पण रोग माणसांत शिरल्यावांचून त्यांत एकही आंकडा मांडतां येत नव्हता. तेव्हां दार ठोठावावें, पण तें एखाद्या निरुपद्रवी पाहुण्याकडून, ही युक्ति मनुष्याला केव्हां तरी सुचणें अपरिहार्य होतें. असा पाहुणा म्हणजे परकें प्रथिन.

प्रथिनें आपल्या देहांत आहेत, गाईच्या दुधांत आहेत, तुरीच्या डाळींतही आहेत. परंतु प्रत्येक जातीच्या प्राण्याच्या आणि वनस्पतीच्या प्रथिनांची घडण थोडीफार निराळी असते, आणि आपलें कोणतें व परकें कोणतें याची पारख आपल्या देहाला विलक्षण सूक्ष्म असते. रोजच्या ताटांतील परकीं प्रथिनें पचनक्रियेंत तुकडे तुकडे होऊन आपली ओळखच हरवून बसतात, म्हणून आपण सुखानें जेवूं शकतों. सुईवाटे थेट कातडीखालीं गेलेलें प्रथिन मात्र आपल्या अखंड रूपांत देहासमोर उभें राहतें आणि मग त्याची दखल घेतली जाते.

या दखलीची एक मोजणी आपणांपैकीं अनेकांच्या हातावर झालेली असेल. क्षयाचा संशय आला म्हणजे डॉक्टर कोपराच्या खालीं, हाताच्या आंतल्या बाजूस एक बारीकशी सुई टोचतात, भोंवतीं पेनानें वर्तुळ काढतात आणि "दोन-तीन दिवसांनीं दाखवायला या" म्हणून सांगतात. हीच माँटूची परीक्षा. मूळ द्रव्य कॉख यांनीं १८९० सालीं क्षयावरील औषध म्हणून पुढें आणलें. औषध म्हणून तें साफ फसलें, पण पारख करण्याचें साधन म्हणून अजून टिकून आहे. १९०८ पासून तें माँटू यांच्या रीतीनें टोचलें जातें. ४८ ते ७२ तासांनीं तेथें जो टणक फुगवटा येतो त्याची रुंदी पट्टीनें मिलिमीटरांत मोजतात. लाली मोजीत नाहींत, टणकपणा मोजतात. घाईंत हें कांहीं ठिकाणीं विसरलें जातें, म्हणून मुद्दाम सांगितलें. हा फुगवटा आणण्याचें काम रक्तांत विरघळलेलीं द्रव्यें करीत नसून, जागेवर धांवून आलेल्या पेशी करितात. दोन-तीन दिवसांची दिरंगाई त्या पेशी जमण्यास लागते.

पण काल हा या मोजणीचा किती महत्त्वाचा भाग आहे, हें प्रथम ज्यांनीं डोळस रीतीनें पाहिलें ते व्हिएन्ना येथील दोन तरुण बालरोगवैद्य, क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक. १८९० सालीं बेरिंग व कितासातो यांनीं दाखवून दिलें होतें कीं प्राण्याला रोगविषाची संवय लावली तर त्याच्या रक्तजलांत त्या विषाला मारक असा गुण उतरतो. रक्तजल म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारें पिंवळसर पाणी. पुढें घोड्यांपासून काढलेलें असें रक्तजल घटसर्पानें घुसमटणाऱ्या मुलांना टोचण्यांत येऊं लागलें आणि कितीएक मुलें मृत्यूच्या दाढेंतून परत आलीं. मात्र त्यांतील कांहीं मुलांना बरें वाटूं लागल्यावर, साधारण आठ ते बारा दिवसांनीं, अंगावर गांधी उठत, ताप येई, सांधे दुखूं लागत. रक्तजलाचा हा दोष आहे असें म्हणून बाकीचे वैद्य पुढें जात. या दोघांनीं मात्र एक साधा प्रश्न विचारला. घोड्याचें रक्तजल जर विषारी आहे, तर विषबाधा त्याच दिवशीं कां होत नाहीं? मधले आठ-बारा दिवस कोण काय करीत असतें?

त्यांनीं मुलांच्या खाटांशेजारीं बसून दिवस मोजले. ज्या मुलाला पूर्वीं एकदां घोड्याचें रक्तजल मिळालें होतें, त्याला दुसऱ्यानें टोचल्यावर आठ-बारा दिवस लागत नसत. तोच त्रास कधीं कांहीं तासांत, तर कधीं पांच-सहा दिवसांत होई. द्रव्य तेंच, मात्रा तशीच, बदल झाला होता तो मुलांत. याचा अर्थ इतकाच होऊं शकत होता कीं आजार रक्तजल घडवीत नाहीं. त्या परक्या प्रथिनाला उत्तर देतांना देह तो घडवितो, आणि पहिल्या भेटींत उत्तर तयार करण्यास त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. दुसऱ्या भेटींत उत्तर तयारच असतें. १९०५ सालीं या दोघांनीं हें सारें पुस्तकरूपानें मांडलें आणि पुढच्याच वर्षीं पिर्के यांनीं या बदललेल्या प्रतिसादाला एक नवें नांव दिलें, 'अ‍ॅलर्जी'. आज तो शब्द इतका स्वस्त झाला आहे कीं कोणाला धुळीची अ‍ॅलर्जी असते, तर कोणाला पाहुण्यांची! पण त्याच्या जन्माच्या वेळीं त्यामागें एक काटेकोर मोजणी होती, आणि ती करण्यास दिनदर्शिकेहून अधिक महाग उपकरण लागलें नव्हतें. आपल्याकडे सर्पदंशावर देतात ती लस आजही घोड्यांपासूनच मिळवितात. म्हणून तिनें प्राण वांचलेल्या रुग्णाला आठवड्या-दोन आठवड्यांनीं ताप येऊन सांधे धरले, तर तें व्हिएन्नाचेंच जुनें गणित पुन्हां मांडलें गेलें असें समजावें.

आतां रक्ताकडे वळूं. परक्या प्रथिनाला पकडण्यासाठीं देह जीं द्रव्यें निर्माण करितो त्यांना अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडें म्हणतात. तीं रक्तजलांत किती आहेत हें कसें ओळखावें? जुनी रीत अशी कीं, रक्तजलांत तेवढेंच पाणी घालावयाचें, त्या मिश्रणांतील निम्मा भाग घेऊन पुन्हां तेवढेंच पाणी घालावयाचें, असें पातळ करीत जावयाचें आणि परीक्षा कोठपर्यंत उतरते तें पाहावयाचें. गृहिणींना हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. दोन घरचें ताक कोणतें आंबट हें ठरवावयाचें असेल, तर दोन्हींत पाणी वाढवीत जावें; ज्याचा आंबटपणा अधिक पाण्यांत टिकेल तें अधिक आंबट. एकास चाळीस पातळ केल्यावरही गुण दिसला तर आंकडा चाळीस, एकास ऐंशींत दिसला तर ऐंशी. १९७१ सालीं स्टॉकहोममध्यें एंगवाल व पेर्लमान यांनीं, आणि स्वतंत्रपणें हॉलंडमधील संशोधकांनीं, याहून सुबक रीत काढली. प्लास्टिकच्या खळग्याच्या तळाशीं तें परकें प्रथिन चिकटवून ठेवतात. वर रुग्णाचें रक्तजल ओततात. त्यांतील प्रतिपिंडें प्रथिनाला बिलगतात आणि बाकी सारें धुऊन जातें. मग त्या बिलगलेल्या प्रतिपिंडांना रंग आणील असें दुसरें द्रव्य घालतात. रंग जितका गडद, तितकीं प्रतिपिंडें अधिक. नानांच्या हातांतील कागद हा या घराण्यांतील एका रीतीचा वंशज होता.

या मोजणीनें एकदां तज्ज्ञांचीच फजिती केली, ती गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मधुमेहाच्या रुग्णांना पूर्वीं गाईचें व डुकराचें इन्सुलिन देत असत. मनुष्याच्या इन्सुलिनाशीं त्याचें साम्य फार मोठें, आणि त्याचा रेणूही अगदीं लहान. म्हणून एवढ्याशा वस्तूची देह दखल घेणारच नाहीं अशी विद्वानांची समजूत होती. न्यूयॉर्कमध्यें सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनीं किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलें इन्सुलिन लोकांना टोचून तें रक्तांतून किती वेगानें नाहींसें होतें हें मोजलें. ज्यांनीं पूर्वीं इन्सुलिन घेतलें होतें त्यांच्या रक्तांत तें अधिक काळ रेंगाळत होतें. कारण उघड होतें. त्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडांनीं त्याला धरून ठेवलें होतें. हा निबंध एका नियतकालिकानें नाकारला, आणि दुसऱ्यानें १९५६ सालीं छापला तो मथळ्यांतील 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावर! १९७७ सालीं यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां आपल्या भाषणांत त्यांनीं तें नकाराचें पत्रही जगापुढें ठेवलें. बर्सन त्यापूर्वींच, १९७२ सालीं, निवर्तले होते. देहाची पारख विद्वानांच्या अंदाजाहून सूक्ष्म निघाली, आणि याच निरीक्षणांतून रक्तांतील अत्यल्प द्रव्यें मोजण्याची एक नवी विद्याच जन्माला आली.

येथवर आपण पाहिलें तें पहारेकरी जागा असलेल्या घरांविषयीं. पण जेथें पहारेकरीच नाहीं तेथें काय? १९५२ सालीं अमेरिकेच्या सैन्यांतील डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनीं आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांत एकोणीस वेळां त्याच्या रक्तांत जंतुदोष झाल्यासारखी अवस्था झाली होती. प्रत्येक वेळीं औषधांनीं तो वांचे आणि पुन्हां पडे. ब्रूटन यांनीं त्याला लस टोचून पाहिली, तर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयारच होत नव्हतीं. रक्तजलांतील प्रथिनें विजेच्या साहाय्यानें वेगवेगळीं केलीं, तेव्हां ज्या गटांत प्रतिपिंडें असावयाचीं तो गटच मुळीं नव्हता. मग दुसऱ्यांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें त्याला दरमहा देण्यांत येऊं लागलीं आणि तो मुलगा बरा राहूं लागला. दार ठोठावून आंतून ओ येत नाहीं हें कळणें, ही त्याच्या उपचाराची पहिली पायरी होती. आजही एखादें मूल वारंवार आजारी पडतें, तेव्हां धनुर्वाताची किंवा दुसरी एखादी लस टोचण्यापूर्वीं एकदां आणि सुमारें महिन्यानें पुन्हां रक्त तपासतात, तें याचकरितां.

मात्र धनुर्वाताच्या लशीनें केलेल्या परीक्षेंत एक गोम आहे. ती लस आपण बहुतेकांनीं बाळपणापासून अनेकदां घेतलेली असते. तेव्हां तिनें जें उत्तर मिळतें तें ओळखीच्या पाहुण्याला दिलेलें उत्तर होय. नवख्याला ओळखण्याची शक्ति ही वस्तु निराळी. लहानपणीं पाठ केलेली रामरक्षा अस्खलित म्हणणाऱ्या आजोबांना वरच्या मजल्यावर आलेल्या नव्या बिऱ्हाडकरूचें नांव मात्र लक्षांत राहत नाहीं. देहाच्या स्मृतीचेंही वृद्धपणीं पुष्कळसें तसेंच होतें. जुने पाठ टिकतात, नवे शिकणें जड जातें. मूत्रपिंड बदललेल्या आणि प्रतिकार दाबून ठेवणारीं औषधें घेणाऱ्या रुग्णांची अडचणही बरीचशी हीच. म्हणून शास्त्रज्ञांना असा पाहुणा हवा होता कीं जो जगांतील बहुतेक कोणत्याही मनुष्याच्या दारीं पूर्वीं कधींच आलेला नाहीं. जो रोग देणार नाहीं. आणि तरीही ज्याच्याकडे दुर्लक्ष करणें देहाला शक्य होणार नाहीं.

तो सांपडला समुद्रांत. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून दक्षिणेस मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत, खडकांना घट्ट चिकटून राहणारा एक कवचधारी प्राणी आढळतो. तो गोगलगाईच्या गोतावळ्यांतला. त्याच्या शंकूसारख्या कवचाच्या माथ्यावर कुलुपाच्या किल्लीचें असावें तसें एक भोंक असतें, म्हणून त्याला 'कीहोल लिम्पेट' म्हणतात. आपलें रक्त लोहामुळें लाल. याचें रक्त तांब्यामुळें निळें. प्राणवायु वाहून नेणाऱ्या त्याच्या प्रथिनाचें नांव हीमोसायनिन. तांब्याचे दोन अणु मिळून प्राणवायूचा एक रेणु धरतात, आणि तो धरला कीं रंगहीन द्रव निळा होतो. या प्रथिनाचा रेणु अवाढव्य आहे. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिनाचा रेणुभार सुमारें साडेचौसष्ट हजार; याचा पूर्ण जुळलेला रेणु ऐंशीं लाखांच्या घरांत जातो. एवढा मोठा आणि एवढा अनोळखी पाहुणा दारांत उभा राहिल्यावर देह गप्प बसत नाहीं. प्राण्याला न मारतां त्याचें थोडें रक्त काढून घेतां येतें, हीही एक सोय. संशोधकांच्या बोलण्यांत या प्रथिनाला 'के. एल. एच.' म्हणतात आणि १९६० नंतरच्या दशकापासून मनुष्यांवर त्याचा उपयोग होत आला आहे.

कृति दिसण्यांत साधी आहे. निरोगी स्वयंसेवकाचें रक्त आधीं घेऊन ठेवतात. मग मिलिग्रॅमचा एखादा दशांश, कधीं त्याहून अधिक, असें हें प्रथिन दंडाला टोचतात. दोन, तीन, चार आठवड्यांनीं पुन्हां रक्त घेतात. पहिल्या रक्तांत प्रतिपिंडें बहुधा नसल्यासारखींच असतात. मग प्रथम एका जातीचीं, अवजड आणि ढोबळ पकडीचीं दिसूं लागतात. मागाहून दुसऱ्या जातीचीं, अधिक घट्ट पकडीचीं वाढत जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास तेंच प्रथिन अत्यल्प प्रमाणांत हाताच्या कातडींत टोचून, माँटूच्या परीक्षेप्रमाणेंच, एक-दोन दिवसांनीं फुगवटा मोजतात. म्हणजे एकाच पाहुण्याच्या भेटीचीं दोन टिपणें हातीं येतात. एक रक्तांतलें, प्रतिपिंडांचें, आणि दुसरें कातडींतलें, पेशींचें. ही दोन टिपणें एकमेकांशीं जुळतातच असें नाहीं. एखाद्याच्या रक्ताचा आंकडा उंच आणि हातावर जवळजवळ कांहींच नाहीं, असेंही दिसतें. एक टिपण पाहून दुसऱ्याविषयीं बोलणें धाडसाचें, आणि नानांचा कागद हा एकाच टिपणाचा उतारा होता, हें येथें लक्षांत यावें.

एखादें नवें औषध प्रतिकार किती दाबतें हें पाहावयाचें असलें कीं संधिवातासारख्या विकारावरील त्या औषधाबरोबर हें प्रथिन टोचून पाहतात. औषध घेणाऱ्याचें उत्तर न घेणाऱ्यापेक्षां किती कमी पडतें, त्यावरून पुढील मात्रेचा अंदाज बांधतां येतो. पण निरोगी माणसांतही उत्तरांची तफावत फार मोठी असते, आणि हें प्रथिन सजीवापासून काढलेलें असल्यानें तें कोणत्या रूपांत, किती मात्रेनें, कशांत मिसळून दिलें यावर आंकडा बदलतो. एका संशोधकाचे आंकडे दुसऱ्याच्या आंकड्यांशेजारीं ठेवतांना शेराचा आणि लिटराचा तोच घोळ येथेंही होतो. विद्वानांचें आणि नानांचें दुःख एकच!

या मोजपट्टीच्या हकीकतींत दोन गमती घडल्या. पहिली १९७४ सालची. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची प्रतिकारशक्ति कितपत शाबूत आहे हें पाहण्याकरितां अमेरिकेंत ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं रुग्णांना हें प्रथिन टोचलें होतें. पुढें असें दिसून आलें कीं टोचलेल्यांमध्यें रोग पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण न टोचलेल्यांहून कमी होतें. कपडा मोजावयास घेतलेल्या गजानेंच कपडा शिवून द्यावा तसें हें झालें, आणि त्यामागून या प्रथिनाचा औषध म्हणूनही शोध सुरू झाला.

दुसरी गोष्ट आपल्या प्रांताला लागून आहे. हा पाहुणा सर्वांना अनोळखी, असें मीं म्हटलें. तें पूर्ण खरें नाहीं. शिस्टोसोमा नांवाचा एक परोपजीवी कृमि आहे. गोगलगाईंत वाढून तो पाण्यांतून मनुष्याच्या कातडीवाटे देहांत शिरतो. इजिप्तसारख्या देशांत त्यानें पिढ्यानपिढ्या छळ मांडला. या कृमीच्या अंगावरील शर्करेच्या कांहीं साखळ्या त्या निळ्या प्रथिनावरील साखळ्यांसारख्या आहेत. त्यामुळें ज्यांना या कृमीची बाधा झाली आहे त्यांच्या रक्तांत, कॅलिफोर्नियाचा समुद्र न पाहतांही, त्या प्रथिनाला ओळखणारीं प्रतिपिंडें असतात. इतकेंच नव्हे, तर त्यावरून या रोगाचें निदानही करतां येतें. भारतांत हा रोग जवळजवळ नाहींच. पण १९५२ सालीं गाडगीळ व शहा या डॉक्टरांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं त्याचे रुग्ण असल्याचें प्रसिद्ध केलें. कोंकणच्या एका ओढ्याकांठच्या मनुष्याचें रक्त आणि पॅसिफिकच्या खडकावरचा प्राणी यांचा असा सांधा असूं शकतो, हें लक्षांत ठेवूनच 'नवा पाहुणा' हे शब्द वापरावे लागतात.

आतां नानांकडे परत येऊं. एककांचा घोळ जगाच्याही लक्षांत आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० च्या डिसेंबरांतच एक प्रमाण नमुना ठरवून दिला होता, कीं त्याच्याशीं ताडून सर्वांनीं आंकडे सांगावेत. पण सर्वच प्रयोगशाळांनीं तसें केलें नाहीं. शिवाय कोणत्या प्रथिनाविरुद्धचीं प्रतिपिंडें मोजलीं, हाही प्रश्न असतोच. जुलै २०२० मध्यें मुंबईच्या तीन विभागांत तपासणी झाली, तेव्हां झोंपडपट्टींतील सुमारें ५७ टक्के आणि इतर वस्तींतील सुमारें १६ टक्के लोकांच्या रक्तांत कोरोनाच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें आढळलीं. आकाशांतून पडल्यासारखा तो आंकडा होता. इतक्या लोकांना रोग होऊन गेला हें त्यांचें त्यांनाही ठाऊक नव्हतें. पुढच्याच महिन्याच्या फेरींत झोंपडपट्टींतील आंकडा ४५ च्या आसपास उतरला. होऊन गेलेला रोग न झाल्यासारखा होत नाहीं. तेव्हां नमुने निराळ्या लोकांचे होते म्हणून असेल, किंवा पूर्वींचीं प्रतिपिंडें ओसरून परीक्षेच्या पट्टीखालीं गेलीं म्हणून असेल. ती परीक्षा विषाणूच्या आंतल्या बाजूच्या एका प्रथिनावर बेतलेली होती. त्या काळीं पुण्यांत तयार होत असलेली कोविशील्ड ही लस देहाला ओळख करून देई ती विषाणूच्या बाहेरच्या कांट्याच्या प्रथिनाची. म्हणजे केवळ ती लस घेतलेल्या आणि रोग न झालेल्या मनुष्यानें त्या रीतीनें रक्त तपासलें असतें, तर लस उत्तम लागूनही उत्तर शून्यच आलें असतें! ठोठावलें एक दार आणि कान लावला दुसऱ्याला, असा हा प्रकार.

मग आंकड्यांना कांहीं अर्थच नाहीं काय? आहे, आणि कोठें कोठें तो फार कठोर आहे. २०२१ सालीं अमेरिकेंत इंद्रियारोपण झालेल्या ४३६ रुग्णांचें रक्त लशीच्या पहिल्या मात्रेनंतर तपासलें, तेव्हां केवळ १७ टक्क्यांत प्रतिपिंडें सांपडलीं. दुसऱ्या मात्रेनंतर ६५८ जणांत तीं ५४ टक्क्यांत सांपडलीं. निरोगी माणसांत तीं जवळजवळ सर्वांत दिसत होतीं. तेथें शून्य हा आंकडा 'आपण दोन मात्रा घेतल्या असल्या तरी स्वतःला सुरक्षित समजूं नका' असें रुग्णाला स्पष्ट सांगत होता, आणि पुढील जादा मात्रांचा निर्णय अशाच मोजणीवर उभा राहिला. उलट आंकडा असला म्हणजे अभयही मिळत नाहीं. फ्ल्यूच्या बाबतींत १९७२ पासून चाळीस या आंकड्याला मोठा मान आहे. पण त्याचा अर्थ इतकाच कीं, तेवढीं प्रतिपिंडें असलेल्यांत रोगाचा संभव साधारण निम्म्यानें कमी होतो. निम्म्यानें, पूर्ण नव्हे.

हें सारें मीं नानांना इतक्या विस्तारानें सांगितलें नाहीं. प्रतिपिंडें आहेत, म्हणजे देहानें दखल घेतली आहे. दोन कागदांची तुलना करूं नये. आणि वयाकडे पाहून बंद दालनांत बसूं नये, एवढेंच सांगितलें. नाना लग्नाला गेले. मुखपट्टी बांधून बाहेरच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि अक्षता तेथूनच टाकल्या. सूनबाई मात्र दीड हजारांच्या भरंवशावर पंगतींतून मनसोक्त वावरत होत्या, आणि त्यांना तसें न करण्याविषयीं सांगावयास मी गेलों नाहीं, याची आज मला थोडी रुखरुख आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या निळ्या प्रथिनाच्या परीक्षेला जो स्वयंसेवक दंड पुढें करितो, त्याला त्यापासून स्वतःचा कांहीं लाभ नसतो. थोडें दुखतें, हात सुजतो, आणि आठवड्या-आठवड्यांनीं रक्त द्यावें लागतें. त्याला हें सारें आधीं समजावून सांगून त्याची लेखी संमति घेतात. पण त्या कागदावर न लिहिलेली अशी एक वस्तु तो देऊन टाकीत असतो, ती म्हणजे त्या परक्याविषयींचें त्याच्या देहाचें अज्ञान. तें एकदांच खर्च करतां येतें. त्या सुईनंतर महिन्याभरानें तो मनुष्य पुन्हां आला, वर्षानें आला, तरी मोजतां येईल ती ओळखीची भेट. पहिली भेट पुन्हां मोजावयाची असेल तर प्रत्येक वेळीं नवा मनुष्य शोधावा लागतो.